गायीचे वृद्धी संप्रेरक माणसाला का लागू पडले नाही : एका अपयशाचा अभ्यास

मेंदूच्या तळाशी, कवटीच्या हाडातल्या एका लहानशा खोबणीत पीयूषिका ग्रंथी बसलेली असते. प्रौढ माणसात तिचे वजन जेमतेम अर्धा ग्रॅम भरते. तिच्या पुढच्या खंडातून स्रवणारे वृद्धी संप्रेरक लहानपणी पुरेसे मिळाले नाही, तर मुलाची बुद्धी शाबूत राहते, हातपायांचे प्रमाणही बिघडत नाही, पण उंची वाढायची थांबते आणि वयात आल्यावरही ती व्यक्ती दहा वर्षांच्या मुलाएवढीच दिसते. विसाव्या शतकाच्या मध्याला अशा मुलांसाठी औषध हाताशी आले आहे, असे वैद्यकाला प्रामाणिकपणे वाटत होते. कत्तलखान्यांतून गायीबैलांच्या पीयूषिका ग्रंथी हव्या तितक्या मिळत होत्या, त्यांतून वृद्धी संप्रेरक शुद्ध स्वरूपात काढण्याची रीत बसली होती आणि त्या संप्रेरकाने उंदीर वाढतात हे पुन्हा पुन्हा दिसले होते. ते मुलांना टोचले गेले आणि मुले वाढली नाहीत. हे का झाले, हा या प्रकरणाचा विषय आहे. उत्तर पुरते हाती यायला जवळजवळ चार दशके लागली, आणि ते मिळाले तेव्हा सस्तन प्राण्यांमधल्या नात्यागोत्याविषयीची एक सोयीची समजूत बाजूला ठेवावी लागली.

आधी हे सांगितले पाहिजे की डॉक्टरांची अपेक्षा भाबडी नव्हती. १९२२ पासून मधुमेहाचे रुग्ण गायीच्या आणि डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनवर जगत होते. अमिनो आम्ले म्हणजे ज्यांची माळ ओवून प्रथिन बनते ते मणी; डुकराचे इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनपेक्षा एकाच अमिनो आम्लाने वेगळे आहे आणि गायीचे तीन अमिनो आम्लांनी, हे पुढे कळले. पण ते चालते, हा अनुभव आधीपासूनच होता. खुद्द पीयूषिकेच्या बाबतीतही असाच दाखला समोर होता. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीला चेतवणारे एसीटीएच हे संप्रेरक डुकरांच्या पीयूषिकांतून काढून १९४९ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या रुग्णांना देण्यात आले आणि त्याचा परिणाम ठळक होता. हा रेणू ३९ अमिनो आम्लांचा आहे. त्याचे काम करायला पहिली २४ पुरतात आणि ती २४ माणसात, डुकरात, गायीत, मेंढीत सारखीच आहेत. गायीचे थायरॉईड-उद्दीपक संप्रेरकही माणसाच्या थायरॉईडला जागे करत होते. एका प्राण्याची ग्रंथी दुसऱ्या प्राण्याच्या उपयोगी पडते, हा त्या काळच्या संप्रेरकशास्त्राचा पायाच होता, आणि तो पुराव्यावर उभा होता.

वृद्धी संप्रेरकाची कहाणीही अशाच आश्वासक रीतीने सुरू झाली होती. १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात हर्बर्ट इव्हान्स आणि जोसेफ लाँग यांनी गायीच्या पीयूषिकेच्या पुढच्या खंडाचा अर्क उंदरांना दीर्घकाळ टोचला आणि ते उंदीर सामान्य उंदरांपेक्षा कितीतरी मोठे झाले. १९४४ मध्ये बर्कलीला चो हाओ ली आणि इव्हान्स यांनी गायीच्या ग्रंथींतून वृद्धी संप्रेरक वेगळे काढले. हे एक प्रथिन होते. पीयूषिका काढून टाकलेल्या उंदराची थांबलेली वाढ त्याने पुन्हा सुरू होत असे, नडगीच्या हाडाच्या टोकाजवळची कूर्चेची पट्टी रुंदावत असे आणि शरीरात नायट्रोजन साठून राहत असे, म्हणजे खाल्लेल्या प्रथिनांतून नवे मांस घडत असे. मोजमाप सोपे होते आणि निकाल स्वच्छ होते. त्यानंतर माणसांवर झालेल्या प्रयोगांत मात्र मात्रा वाढवूनही ना उंची वाढली, ना नायट्रोजन टिकून राहिला.

अपयशाची कारणे शोधताना सुरुवातीला संशय औषधावर आला, आणि ते स्वाभाविक होते. शुद्धीकरण करताना प्रथिनाचा काही भाग मोडत असेल, किंवा माणसाला लागणारी मात्रा उंदराच्या हिशेबाने काढता येत नसेल, किंवा परक्या प्रथिनाविरुद्ध शरीरात प्रतिपिंडे तयार होऊन ते निकामी होत असेल, अशा शक्यता मांडल्या गेल्या. याहून निराशाजनक शक्यताही होती : प्रौढ उंदराची हाडे आयुष्यभर थोडीथोडी वाढत राहतात, माणसाची वाढ वेगळ्या नियमांनी चालते, तेव्हा माणसाच्या शरीराला या संप्रेरकाची तशी गरजच नसावी. ही शेवटची शंका खरी ठरली असती, तर ठेंगण्या मुलांसाठी शोधाची वाटच बंद झाली असती. म्हणून तिची शहानिशा आधी व्हायला हवी होती, आणि ती माणसावर करणे शक्य नव्हते.

माकडांवरची कसोटी

ही शहानिशा हार्वर्ड विद्यापीठात अर्न्स्ट क्नोबिल आणि रॉय ग्रीप यांनी केली. त्यांनी ऱ्हिसस माकडांच्या पीयूषिका शस्त्रक्रियेने काढल्या आणि मग त्या माकडांना निरनिराळ्या प्राण्यांची वृद्धी संप्रेरके दिली. त्या दशकात अमेरिकी प्रयोगशाळांत वापरली जाणारी ऱ्हिसस माकडे प्रामुख्याने भारतातून जात असत. पोलिओच्या लशीसाठी त्यांची मागणी प्रचंड होती आणि ही निर्यात भारताने १९७८ मध्ये कायमची बंद केली. उत्तर भारतातल्या देवळांभोवती आणि रेल्वे स्थानकांवर दिसणारा हा प्राणी एका मोठ्या वैद्यकीय प्रश्नाच्या मध्यभागी अशा रीतीने येऊन बसला.

१९५६ पासून प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांचा निष्कर्ष असा होता की गायीच्या आणि डुकराच्या संप्रेरकाला माकडाचे शरीर दाद देत नाही, अगदी मोठ्या मात्रेतही देत नाही, पण माकडाच्या किंवा माणसाच्या पीयूषिकेतून काढलेल्या संप्रेरकाला ते लगेच प्रतिसाद देते. नायट्रोजन साठतो, हाडाच्या टोकाची कूर्चा पुन्हा वाढू लागते. एकाच फटक्यात दोन गोष्टी सिद्ध झाल्या. वानरकुळातल्या प्राण्याला वृद्धी संप्रेरकाची गरज असते, आणि ती गरज फक्त वानरकुळाचेच संप्रेरक भागवू शकते. त्याच वर्षी ली आणि हॅरॉल्ड पॅपकॉफ यांनी माणसाच्या आणि माकडाच्या ग्रंथींतून वृद्धी संप्रेरक वेगळे काढून दाखवले आणि ते गायीच्या संप्रेरकाहून रासायनिक गुणधर्मांतही निराळे असल्याचे नोंदवले. या प्रयोगाची आखणी मला फार मोलाची वाटते. प्रश्न औषधाचा आहे की शरीराचा, हे ठरवण्यासाठी औषध आणि शरीर दोन्ही आलटून पालटून बदलून पाहणे हा एकच खरा मार्ग होता आणि तो या मंडळींनी चिकाटीने अवलंबला.

१९५८ मध्ये बॉस्टन येथील डॉ. मॉरिस रेबेन यांनी पुढचे पाऊल टाकले. मृत माणसांच्या पीयूषिकांतून तीव्र ॲसेटिक आम्लाच्या साहाय्याने काढलेले संप्रेरक त्यांनी पीयूषिकेच्या दोषामुळे ठेंगण्या राहिलेल्या १७ वर्षांच्या एका मुलाला दिले आणि त्याची उंची वाढू लागली.

आता कोडे अधिक टोकदार झाले, कारण व्यवहार एकतर्फी होता. माणसाचे संप्रेरक उंदराला वाढवते, पण गायीचे, डुकराचे किंवा उंदराचे संप्रेरक माणसाला वाढवत नाही. दोन रेणू फार वेगळे असल्यामुळे जुळत नाहीत असे म्हणावे, तर ते वेगळेपण दोन्ही दिशांनी आडवे यायला हवे होते. ते एकाच दिशेने आडवे येते, या एका निरीक्षणात पुढचे सगळे उत्तर दडलेले होते.

नात्याचा हिशेब जुळत नाही

माणसाच्या वृद्धी संप्रेरकाची अमिनो आम्लांची माळ ली यांच्या गटाने १९६६ मध्ये मांडली. तिच्यातल्या चुका १९७१ मध्ये ह्यू नियाल यांनी दुरुस्त केल्यावर ती १९१ अमिनो आम्लांची असल्याचे पक्के झाले. पुढे एकेका प्राण्याची माळ वाचली जाऊ लागली, तसे एक चमत्कारिक चित्र समोर आले. माणसाच्या आणि गायीच्या संप्रेरकांत जवळजवळ एक तृतीयांश जागी फरक आहे. माणूस आणि डूक्कर यांच्यातही साधारण तेवढाच. इथपर्यंत काही विशेष वाटत नाही. पण कुत्रा आणि डुक्कर यांचे वृद्धी संप्रेरक पहिल्या अमिनो आम्लापासून शेवटच्यापर्यंत तंतोतंत एक आहे, आणि या दोघांचे पूर्वज सात-आठ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले आहेत. घोड्याचे संप्रेरकही त्यांच्या अगदी जवळचे आहे.

याउलट गाय ही डुकराची कुत्र्यापेक्षा कितीतरी जवळची नातलग, कारण दोघेही समखुरी, म्हणजे पायाला सम संख्येचे खूर असलेले. असे असूनही गायीच्या संप्रेरकाची माळ डुकराच्या माळेपासून सुमारे एक दशांश जागी वेगळी आहे. हा फरक केव्हा आला याचा माग उंटाने दिला. उंट आणि अल्पाका हे या वंशवृक्षावर डुक्कर आणि गाय यांच्यासारखेच समखुरी प्राणी, पण त्यांचे संप्रेरक डुकराच्या संप्रेरकासारखेच राहिले आहे. म्हणजे बदलांची लाट उंटाची शाखा वेगळी झाल्यानंतर, खरे रवंथ करणारे प्राणी घडत असताना आली आणि मग पुन्हा ओसरली. ती ओसरली असे म्हणण्याचे कारण असे की गाय, मेंढी आणि शेळी यांच्यात आज फरक जवळजवळ नाहीच. गाय आणि मेंढी यांच्या संप्रेरकांत अवघ्या एका अमिनो आम्लाचे अंतर आहे.

ससेक्स विद्यापीठातील मायकेल वॉलिस यांनी १९८० च्या सुमारापासून हा हिशेब धीराने मांडला. सस्तन प्राण्यांत हे संप्रेरक सर्वसाधारणपणे अतिशय मंद गतीने बदलते, पण दोन शाखांवर ही गती अचानक वीस पटींहूनही अधिक वाढली : एक रवंथ करणाऱ्यांची शाखा आणि दुसरी वानरकुळाची. उत्क्रांतीच्या काळाचा काटा सगळीकडे सारख्या वेगाने फिरतो आणि रेणूंमधला फरक मोजला की नात्याचे अंतर कळते, ही समजूत पुष्कळ प्रथिनांना लागू पडते, पण या संप्रेरकाला पडत नाही. त्याचा इतिहास दीर्घ विश्रांतीचा आणि मधूनच येणाऱ्या धावपळीचा आहे.

वानरकुळातली धावपळ कधी झाली, याचा पुरावा लोरिसने दिला. मोठ्या डोळ्यांचा, रात्री फिरणारा, हळूहळू सरकणारा हा लहानसा प्राणी माणसाचा आणि माकडांचा दूरचा भाऊबंद आहे. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातल्या जंगलांत राहणारा सडपातळ लोरिस याच कुळातला. अभ्यास झाला तो आग्नेय आशियातल्या बुटक्या मंदगती लोरिसचा, आणि त्याचे वृद्धी संप्रेरक माकडांसारखे न निघता डुकरासारखे निघाले. त्याच्याजवळ या संप्रेरकाचे जनुकही एकच आहे. माणसात मात्र सतराव्या गुणसूत्रावर अशा पाच जनुकांची रांग आहे. त्यातले एक पीयूषिकेत चालते आणि उरलेली वारेशी संबंधित आहेत. ऱ्हिसस माकडाचे पीयूषिकेतले संप्रेरक माणसाच्या संप्रेरकापेक्षा अगदी मोजक्या जागी वेगळे आहे. तेव्हा लोरिसची शाखा फुटल्यानंतर आणि आजची माकडे व मानव घडण्यापूर्वी कधीतरी या रेणूचा मोठा भाग बदलून गेला. ज्या प्राण्याला आपण निःसंकोचपणे आपल्या बाजूचा, वानरांच्या बाजूचा मानतो, त्याचे संप्रेरक डुकराच्या पंक्तीत बसते, हे पहिल्यांदा समजते तेव्हा थांबून विचार करावासा वाटतो. क्नोबिल आणि ग्रीप यांनी प्रयोगासाठी ऱ्हिससऐवजी लोरिस निवडला असता, तर निष्कर्ष काय निघाला असता?

बदलांची लाट का आली, याचे एक विचारपूर्वक मांडलेले स्पष्टीकरण वॉलिस यांचेच आहे. एखाद्या संप्रेरकाला मूळ कामाखेरीज दुसरे काम मिळाले आणि त्या दोन कामांचे महत्त्व परिस्थितीनुसार खालीवर होत राहिले, तर प्रत्येक झोक्यात रेणूवर थोडे नवे बदल साचतात. शेवटी मूळ काम पुन्हा प्रधान झाले तरी माळ पूर्वीची राहत नाही. ही मांडणी सर्वांनी स्वीकारली आहे असे नाही, पण दोन वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे घडलेली गोष्ट ती एका सूत्रात आणते.

एक जागा कुलपावर, एक किल्लीवर

एक तृतीयांश जागी फरक असला तरी त्यातला प्रत्येक फरक कामाच्या आड येतोच असे नाही. नेमका कोणता येतो, हे कळण्यासाठी संप्रेरक ज्याला जाऊन चिकटते तो ग्राही हाती यावा लागला. १९८७ मध्ये सशाच्या आणि माणसाच्या यकृतातल्या वृद्धी संप्रेरकाच्या ग्राहीचे जनुक वेगळे करण्यात आले. १९९२ मध्ये अब्राहम द व्हॉस, मार्क अल्ट्श आणि अँथनी कोसियाकॉफ यांनी माणसाचे संप्रेरक आणि त्याचा ग्राही एकमेकांना बिलगलेल्या अवस्थेत स्फटिकाद्वारे पाहिले. त्यात दिसले की संप्रेरकाचा एक रेणू दोन ग्राहींच्या मधोमध बसतो आणि त्यांना जवळ आणतो. त्या जवळ येण्यातूनच पेशीला वाढीचा संदेश मिळतो.

या जोडणीत संप्रेरकाच्या १७१ व्या जागेवर ॲस्पार्टिक आम्ल आहे आणि त्याच्या समोर ग्राहीच्या ४३ व्या जागेवर आर्जिनीन आहे. पहिल्यावर ऋण विद्युतभार असतो, दुसऱ्यावर धन, म्हणून ते एकमेकांना धरून राहतात. गायीच्या, डुकराच्या, उंदराच्या संप्रेरकात याच जागी ॲस्पार्टिक आम्ल नसून हिस्टिडीन आहे. त्या प्राण्यांच्या माळेत एक अमिनो आम्ल कमी असल्यामुळे ती जागा १७० वी मोजली जाते, एवढाच आकड्याचा फरक. हिस्टिडीन आकाराने मोठे आहे आणि त्याचा कल धन भाराकडे आहे. त्याला आर्जिनीनसमोर जागाही पुरत नाही आणि दोघांचे पटतही नाही. माणसाच्या ग्राहीपर्यंत पोहोचलेले गायीचे संप्रेरक अशा रीतीने उंबरठ्यावरच अडते.

मग माणसाचे संप्रेरक उंदराला कसे चालते? कारण माणूस आणि जुन्या जगातली, म्हणजे आशिया-आफ्रिकेतली, माकडे सोडली, तर इतर सस्तन प्राण्यांच्या ग्राहीत ४३ व्या जागी आर्जिनीनच्या ऐवजी ल्यूसीन असते. ल्यूसीनवर विद्युतभार नाही आणि तो लहान आहे. त्याच्यासमोर हिस्टिडीन येवो की ॲस्पार्टिक आम्ल, त्याची हरकत नसते. म्हणजे इतर प्राण्यांचे कुलूप सैल आहे, दोन्ही किल्ल्या स्वीकारणारे, आणि माणसाचे कुलूप एकाच किल्लीचे आहे. १९९५ मध्ये माणसाच्या ग्राहीतले हे एक आर्जिनीन बदलून तिथे ल्यूसीन बसवून पाहिले, तेव्हा त्या ग्राहीने गायीचे संप्रेरक स्वीकारले. दोन वर्षांनी संप्रेरकाच्या बाजूनेही तीच गोष्ट तपासली गेली आणि १७१ व्या जागेवरचे ॲस्पार्टिक आम्लच या भेदाचे मुख्य कारण असल्याचे ठरले. साठ-पासष्ट जागी असलेल्या फरकांतून एक जागा निर्णायक निघाली.

या प्रकरणातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग याच्या पुढे आहे. किल्ली आणि कुलूप दोन्ही बदलले हे ठीक, पण आधी काय बदलले? कुलूप आधी बदलले असते, तर जुनी हिस्टिडीनची किल्ली त्यात बसली नसती आणि तसा बदल घेऊन जन्मलेले प्राणी खुजे राहून त्यांचा वंश टिकणे अवघड झाले असते. २००१ मध्ये निरनिराळ्या वानरांची संप्रेरके आणि ग्राही शेजारी मांडून पाहिले, तेव्हा क्रम उलगडला. संप्रेरकातला हिस्टिडीनपासून ॲस्पार्टिक आम्लाकडे झालेला बदल नव्या जगातल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, आणि जुन्या जगातल्या माकडांची फाटाफूट होण्याआधी, म्हणजे सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वीच्याही आधी झालेला होता. ग्राहीतला बदल त्यानंतर फक्त जुन्या जगातल्या शाखेवर झाला, ज्या शाखेवर पुढे ऱ्हिसस, वानर आणि माणूस आले. मधल्या काळात नव्या संप्रेरकाने जुन्या, सैल कुलपात विनातक्रार काम केले. दक्षिण अमेरिकेतली माकडे आजही त्याच मधल्या पायरीवर उभी आहेत : संप्रेरक आपल्यासारखे, ग्राही इतर सस्तन प्राण्यांसारखा.

म्हणजे उंदराच्या शरीरात माणसाचे संप्रेरक चालते, हा प्रयोगशाळेतला योगायोग नाही. उत्क्रांतीच्या त्या मधल्या पायरीवर जी जोडी निसर्गात लाखो वर्षे नांदली, तीच जोडी आपण उंदराला माणसाचे संप्रेरक टोचून पुन्हा जुळवतो. १९५० च्या दशकात कोड्यासारखा वाटलेला एकतर्फी व्यवहार हा घटनाक्रमाचा ठसा होता.

वानरकुळातल्या बदलांचा आणखी एक परिणाम झाला, तो केवळ ओझरता सांगतो. माणसाचे वृद्धी संप्रेरक दूध उतरवणाऱ्या प्रोलॅक्टिनच्या ग्राहीलाही चिकटते आणि ते काम अंशतः करते, गायीचे तसे करत नाही. त्यामुळे माणसाच्या पीयूषिकेच्या अर्कात दूध वाढवणारी क्रिया दिसली की ती वृद्धी संप्रेरकाचीच असावी असे मानले जाई, आणि माणसात वेगळे प्रोलॅक्टिन आहे की नाही याविषयीच शंका होती. ते वेगळे असल्याचे १९७० च्या आसपास पक्के झाले. मेंढीत ही गोष्ट कितीतरी आधी माहीत होती.

या फरकाची माणसांनी मोजलेली किंमत

गायीचे संप्रेरक लागू पडले असते तर पुढचा इतिहास घडलाच नसता. माणसाला माणसाचेच संप्रेरक लागते हे ठरल्यावर ते मिळवण्याचे एकच ठिकाण उरले, ते म्हणजे शवविच्छेदनगृह. एका मुलाच्या वर्षभराच्या उपचारासाठी अनेक मृतांच्या ग्रंथी लागत. अमेरिकेत १९६३ मध्ये हे काम पद्धतशीर करण्यासाठी नॅशनल पिट्युटरी एजन्सी स्थापन झाली आणि १९८५ पर्यंत तिथे सुमारे ७,७०० जणांवर या मार्गाने उपचार झाले. ब्रिटन, फ्रान्स आणि इतर देशांतही अशाच योजना होत्या. संप्रेरक काढताना हजारो ग्रंथी एकत्र मिसळल्या जात.

१९८५ च्या सुरुवातीला असे लक्षात आले की लहानपणी हे संप्रेरक घेतलेल्या काही तरुणांचा मृत्यू क्रॉइट्सफेल्ट-याकोब रोगाने झाला आहे. हा मेंदूचा असाध्य विकार आहे आणि तो सहसा उतारवयात होतो. या रोगाला कारण होणारी, विकृत घडणीची प्रायॉन प्रथिने असलेली एखादी ग्रंथी मिश्रणात गेली की सगळा साठा दूषित होत असे, आणि लक्षणे दिसायला कित्येक वर्षे, काही रुग्णांत तीन-चार दशके लागत. अमेरिकेने आणि पाठोपाठ ब्रिटनने त्याच वर्षी मृतांच्या ग्रंथींतून काढलेले संप्रेरक देणे थांबवले. जगभरात या मार्गाने दोनशेहून अधिक माणसे दगावली, त्यांतली निम्म्याच्या आसपास एकट्या फ्रान्समधली होती. आईवडिलांनी मूल चारचौघांसारखे वाढावे म्हणून आठवड्यातून अनेकदा टोचून घेतलेल्या औषधातून हे घडले, ही गोष्ट संप्रेरकांच्या तुलनात्मक अभ्यासाला निव्वळ कुतूहलाचा विषय मानणाऱ्याने विसरू नये असे मला वाटते. एका आर्जिनीनने गायीची वाट अडवली नसती, तर त्या ग्रंथी गोळा करण्याची वेळच आली नसती.

सुदैवाने पर्याय तयार होता. १९७९ मध्ये जेनेन्टेक कंपनीत डेव्हिड गोडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाचे वृद्धी संप्रेरक जिवाणूंकडून बनवून घेतले होते आणि त्याला अमेरिकेत १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये मान्यता मिळाली. आज मुलांना दिले जाते ते याच प्रकारचे संप्रेरक.

दुधाचा प्रश्न

गायीचे संप्रेरक माणसाला लागत नाही, हीच गोष्ट पुढे एका वेगळ्या वादात दिलासा म्हणून पुढे आली. जिवाणूंकडून बनवलेले गायीचे वृद्धी संप्रेरक दुभत्या गायींना टोचून दूध वाढवण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये परवानगी दिली. त्यामागचा एक युक्तिवाद असा होता की दुधातून हे संप्रेरक पोटात गेले तरी ते पचून जाते आणि रक्तात टोचले तरी माणसाच्या ग्राहीला ते चिकटत नाही. हा युक्तिवाद त्या रेणूपुरता भक्कम आहे. मात्र वृद्धी संप्रेरकाचे बरेचसे काम ज्याच्यामार्फत होते तो आयजीएफ-१ हा रेणू गायीत आणि माणसात अगदी एकच आहे, आणि म्हणून तज्ज्ञांची चर्चा त्या रेणूकडे वळली. कॅनडाने १९९९ मध्ये परवानगी नाकारली ती गायींच्या कासेचे व पायांचे विकार वाढतात या कारणाने, आणि युरोपीय संघानेही बंदी कायम ठेवली. एकाच वाटेवरचा वरचा रेणू प्राण्याप्राण्यांत वेगळा आणि त्याच्या खालचा सारखा, ही बाब लक्षात न घेता ‘जनावराचे संप्रेरक’ असा सरसकट शब्द वापरला की दोन्ही बाजूंचे बोलणे भरकटते.

महाराष्ट्रात गोठ्यातले बोलणे सहसा दुसऱ्याच संप्रेरकाविषयी असते. वासरू मेलेल्या किंवा आटलेल्या म्हशीला पान्हा सोडायला लावण्यासाठी टोचले जाते ते ऑक्सिटोसिन. ते पीयूषिकेच्या मागच्या खंडातून रक्तात येते, नऊ अमिनो आम्लांचे आहे आणि म्हशीत, गायीत व बाळंतिणीत हुबेहूब तेच आहे. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी रुग्णालयात आणि पान्ह्यासाठी गोठ्यात एकच औषध जाते ते यामुळे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये गैरवापराचे कारण देऊन त्याचे खासगी उत्पादन बंद करण्याचा आदेश काढला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रद्द केला. इतके स्थिर संप्रेरकही सर्वत्र स्थिर नाही. दक्षिण अमेरिकेतल्या काही माकडांत त्याच्या आठव्या जागी ल्यूसीनऐवजी प्रोलीन आढळते. त्याच्याच शेजारच्या व्हॅसोप्रेसिनमध्ये माणसात आठव्या जागी आर्जिनीन आहे, तर डुकरात लायसीन. एकाच ग्रंथीतली संप्रेरके आपापल्या गतीने बदलत आली आहेत आणि एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून प्रत्येक जोडी, संप्रेरक आणि ग्राही अशी मिळून, स्वतंत्रपणे तपासावी लागते.

जर्मन शेफर्ड जातीच्या कुत्र्यांत पीयूषिकेचा एक आनुवंशिक दोष आढळतो. अशी पिले वर्षाची झाली तरी दोन-तीन महिन्यांच्या पिलाएवढीच राहतात आणि त्यांच्या अंगावर पिलाची मऊ लव तशीच टिकून राहून पुढे झडू लागते. पशुवैद्य त्यांना डुकराचे वृद्धी संप्रेरक देतात. माणसाच्या किंवा गायीच्या संप्रेरकाविरुद्ध कुत्र्याचे शरीर प्रतिपिंडे बनवू शकते, पण डुकराच्या संप्रेरकाच्या १९० अमिनो आम्लांत त्याला परके असे एकही सापडत नाही.